विहिरीमागचं गवत

कांडीवरचा डोळा चांगला फुगला होता—मुगाच्या दाण्याएवढा, हिरवट… नेपियर गवताची ती कांडी बोटांत फिरवत रखमाजी गुरुजी ओट्यावर बसले होते. मांडीवर कंपनीचा करार, सहीची जागा अजून कोरी. वाटूरजवळ गवतापासून गॅस करणारा कारखाना येणार होता. कांड्या फुकट, किलोला एक रुपया, पाच वर्षं खरेदीची हमी—सगळं बराबर. फक्त कारखान्याचा आजवर एक बोर्ड आणि थोडं तारेचं कुंपण एवढाच भाग उभा राहिला होता. म्हणून गुरुजींनी मनाशी ठरवलं होतं, आधी शेजारच्या पुंजारामला लावू द्यावं, वर्षभर बांधावरून पाहावं, मग सही.

आणि तोच पुंजाराम आता समोर बसून, बशीत चहा ओतत, सकाळीच तीन एकरांवर सही करून आल्याचं सांगत होता. उद्या जेसीबी येणार. मोसंबीची बाग मुळासकट बाहेर. बारा वर्षांची झाडं…

“तुमचं विहिरीमागचं गवत दिसलं, गुरुजी. मंग म्या इचार करायचंच सोडून देलं.”

विहिरीमागचं गवत! त्या दोन ओळी बायकोनं, झुंबरबाईंनी, म्हशीसाठी लावल्या होत्या. आणि म्हशीनं कुणाशी कसलाही करार केलेला नव्हता. तिसरीत माझ्या वर्गात होता तेव्हाही याची मान डावीकडेच—एकदा तर शेजाऱ्याच्या पाटीवरून उत्तराबरोबर त्याचं नावही उतरवून आणलं होतं पठ्ठ्यानं. किती समजावलं होतं मी तेव्हा, चुकलं तरी चालेल बाळा, पण तुझं तू चूक… आणि मी? मी काय करणार होतो वर्षभर बांधावर उभा राहून? सांगून टाकावं. पण सांगितलं आणि कारखाना धो धो चालला, तर हा जन्मभर म्हणेल, गुरुजींनी अडवलं. नाही सांगितलं, तर… मोसंबी.

घरातून झुंबरबाई विळा घेऊन आल्या. नवऱ्याकडं रोखून पाहत, जरा मोठ्यानंच म्हणाल्या, “म्हशीचं गवत कापून आणते.”

त्या विहिरीमागं गेल्या. पुंजाराम आदरानं तिकडं पाहत राहिला.

“नमुना काढून राह्यल्या काकू,” तो म्हणाला. मग पुढं वाकून, हळूच, “तुमचं किती एकर, गुरुजी?”

गुरुजींनी कांडी खाली ठेवली, घसा खाकरला—आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, आपला डावा हात कोपरात वळून मांडीवरच्या कागदावर, सहीच्या कोऱ्या जागेवर आडवा आला आहे… वर्गातली हुशार पोरं पाटी झाकायची, अगदी तसा. त्या कोपराखाली नक्की उत्तर असतं, असं ते चाळीस वर्षं समजत आले होते.