बिननावाची बतावणी

सरपंच जोतीराम यात्रा कमिटीचा निरोप घेऊन आला तेव्हा सिकंदर टेलर संभाजीआबांच्या पांढऱ्या टोपीला शेवटची शिलाई घालत होता. जोतीराम दुकानात आला नाही. पायरीवरच उभा राहिला, म्हणजे वाद पेटलाच तर पळायला बरं.

"यंदा जत्रंत वग करायला परवानगी हाय," तो म्हणाला, "पर ष्टेजवरनं कुणाचं नाव घ्यायचं न्हाय."

"नाव न घेता बतावणी? मग काय भजन म्हनू?"

"कमिटीचं अध्यक्ष म्हनून आबांचा हुकूम हाय. एक जरी नाव निघालं, तर फुडल्या वर्सापास्नं वग बंद. बारामतीचा आर्केस्ट्रा आनायचा." एवढं बोलून जोतीराम निघूनसुद्धा गेला.

सिकंदरच्या हातातली सुई तिथंच थांबली. बारामती-इंदापूर रस्त्यावरून उसात आत शिरलं की हिंगणवाडी लागते, आणि हिंगणवाडीच्या जत्रेत सिकंदर बत्तीस वर्षं सोंगाड्या होता. वगातल्या राजाचं काय होतं याच्याशी गावाला काडीचं देणंघेणं नव्हतं. लोक यायचे ते मधल्या बतावणीसाठी. राजाला सिंहासनावर ताटकळत ठेवून सिकंदर स्टेजच्या कडेला यायचा आणि पुढच्या खुर्च्यांवरच्या मानकऱ्यांना एकेक करून सोलायचा. जोतीरामनं एसटीचा थांबा बांधला, तो जिथं एसटी थांबतच नाही अशा जागी. गेणबा डेअरीवाल्यानं एकच भिंतीवरचं घड्याळ चार लग्नांत आहेर केलं, कारण प्रत्येक वेळी ते फिरून त्याच्याच घरी यायचं. आणि रीत अशी, की ज्याचं नाव निघेल त्यानं उभं राहायचं, टोपी काढून पब्लिकला दाखवायची आणि बसायचं. नंतर दोन दिवस तो माणूस रागावल्यासारखा हिंडायचा आणि आल्या-गेल्या पाहुण्याला स्वतःहून सांगायचा, "औंदा माझं लई काढलं बरं का सिकंदरनं."

हे सगळं आता बंद. सोंगाड्याच्या तोंडाला टाचणी लावून वर त्याला परवानगी म्हणायचं. सिकंदरला इतका संताप आला, की त्यानं दुकान दुपारीच बंद केलं.

घरी त्याची नात, मेहजबीनची मुलगी अफशीन आली होती. ती बारामतीला कॉलेजात नाटक शिकते, म्हणजे नाटकाचा इतिहास पाठ करते. नानांचं तोंड पाहून तिनं वही मिटली. सगळं ऐकून घेतलं आणि खुशाल हसायला लागली.

"नाना, हे ग्रीस देशात अडीच हजार वर्षांपूर्वी होऊन गेलंय. तिथं पण जत्राच असायची, देवाची. नाटक मध्येच थांबायचं, गाणाऱ्यांचा ताफा पुढं यायचा आणि समोर बसलेल्या पुढाऱ्यांची नावं घेऊन टर उडवायचा."

"म्हंजी माझा धंदा अडीच हजार वर्सं जुना!" सिकंदर म्हणाला. "आन मला पेन्शन न्हाय."

"पुढं ऐका तर. नंतर त्यांचं राज्य गेलं, दिवस पालटले. नावं घेणं हळूहळू बंद पडलं. तरी नाटक मेलं नाही. त्यांनी नमुने काढले. कंजूस म्हातारा, बढाईखोर शिपाई, मालकापेक्षा हुशार नोकर. प्रत्येकाचा ठरलेला मुखवटा. नाव कुणाचंच नाही. तेच पुढं रोमला गेलं, इटलीला गेलं, आणि आज टीव्हीवर बघता ते पण तेच. तुम्ही पण तसंच करा."

चुलीपाशी त्याची बायको शमशाद भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आबाचं नाव कवा घेतलंयसा का वो तुमी बतावनीत?"

"त्यांचं कसं घ्यायचं?" सिकंदर चमकलाच. "मेहजबीनच्या वक्ताला तू अडली होतीस. रस्त्यात गुडघाभर चिखल. आबांनी ट्रॅक्टर काढला, उसाच्या ट्रॉलीत तुला घालून बारामती गाठली. त्या मानसाला चारचौघांत हसू?"

"मी आपलं इचारलं," शमशाद म्हणाली आणि भाकरी उलटली.

आठवडाभर अफशीननं रद्दी भिजवून, खळ लावून तीन मुखवटे केले. सिकंदरनं शिपायासाठी बँडवाल्याच्या जुन्या कोटाला पितळी बटणं लावली. लाकडी तलवार झाली. बतावणी नव्यानं रचली आणि तीत एकही नाव नाही, हे शमशादकडून तीनदा तपासून घेतलं.

रात्रीच्या लाऊडस्पीकरबंदीमुळं वग दुपारी चारलाच लागला. उन्हात सोंग काढायचं सिकंदरच्या जिवावर आलं होतं. "ग्रीक लोक उन्हातच करायचे," असं म्हणून अफशीननं त्याची समजूत घातली. पुढच्या रांगेत मधल्या खुर्चीवर संभाजीआबा बसले होते. यात्रा कमिटीचे अध्यक्ष, डोक्यावर नवी कोरी टोपी, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

सिकंदर कंजुसाचा मुखवटा घालून पुढं आला. हा म्हातारा चहात साखर टाकायच्या ऐवजी साखर कारखान्याकडं तोंड करून चहा प्यायचा. एरवी इथं मांडव दणाणला असता. आज लोक हसायचे सोडून एकमेकांकडं बघायला लागले.

"ह्यो कोन म्हनायचा?" मागून कुणीतरी विचारलं.

"गेनबा!"

"गेनबा कसा? जोतीराम हाय त्यो!"

जोतीराम ताडकन उठला. "मी कंजूस? गेनबाच्या घड्याळाचं सगळ्या गावाला ठावं हाय!" गेणबाही उठला. मागून रतन किराणावाला ओरडला, की चहाची गोष्ट त्याच्या चुलत्याची आहे आणि सिकंदरनं विचारल्याशिवाय ती वापरली. नाव घेतलं असतं तर एक माणूस उठला असता. नाव घेतलं नाही, तर तेरा उठले. आर्केस्ट्रा सिकंदरला डोळ्यांपुढं दिसायला लागला.

त्यानं घाईघाईनं मुखवटा बदलला आणि शिपाई होऊन तलवार परजत आला. "मी हे केलं! मी ते केलं! माझ्याबिगर ह्या मुलखात पान हालत न्हाय!"

"आबा!" बायकांतून एक म्हातारी आनंदानं ओरडली. "ह्यो तर आबाच हाय!"

तेराच्या तेरा जण खाली बसले. संभाजीआबा उठले, धोतर सावरत स्टेजपाशी आले. सिकंदरनं मुखवटा ओरबाडून काढला. खाली वाकून हात जोडले आणि हळूच म्हणाला, "आबा, पोरीची शपत, ह्यो तुमी न्हाय. तुमचं सोंग मी सपनातबी काढनार न्हाय."

आबा रागावतील असं त्याला वाटलं होतं. पण त्यांचा चेहराच पडला. इंदापूरच्या बाजारात बैल विकला न जाता परत आणावा लागला, की माणसाचा होतो तसा.

"ठावं हाय मला," आबा तसेच हळू म्हणाले. "बत्तीस वर्सं ठावं हाय. जोतीरामचं काढलंस. गेनबाचं काढलंस. त्याच्या म्हशीचंबी काढलंस. माजंच तेवढं न्हाय, म्हनून औंदा समद्यांचंच बंद केलं. दर जत्रंला मी तुज्याकडनं नवी टोपी शिवून घेतो. कशाला रं? डोक्यावर ठिवून घरी न्यायला?"

बत्तीस टोप्या सिकंदरनं शिवल्या होत्या आणि एकदाही हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आपण मान दिला असं समजत होतो, आणि या माणसाला गावाबाहेर बसवून ठेवलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि आबांची फार माया आली. पण सोंगाड्याला गहिवरून चालत नाही. आबा खुर्चीत जाऊन बसेपर्यंत तो थांबला. मग त्यानं मुखवटा राजाच्या मांडीवर फेकला आणि स्टेजच्या अगदी कडेला आला.

"मंडळी! हे संभाजीआबा!"

जोतीरामनं कपाळाला हात लावला.

"माजी बायकू अडली तवा ह्यांनी ट्रॅक्टर काढला. लई उपकार! पर ट्रॉलीत कळा देत होती शमशाद आन फुडं बोंबलत होता आबा! 'अगं शमशाद, मला धीर दे गं!' बारामतीला डाक्टरनी इचारलं, पेशंट कोन? नर्सनं आबाला धरलं, खाटंवर घातलं, सलाईन लावलं! माजी मेहजबीन जन्मली, आन पयला टाहो फोडला त्यो आबानं!"

मांडव फुटला. गेणबा जोतीरामच्या गळ्यात पडून हसत होता. बायकांतून शमशादचा आवाज सगळ्यांच्या वर आला, "खरं हाय! समदं खरं हाय!"

"आन कमिटीनं नाव घ्यायला बंदी केलीया," सिकंदर ओरडला, "तवा हे नाव मी घेतलंच न्हाय!"

आबा उभे राहिले. त्यांनी दोन्ही हातांनी टोपी काढली, उंच धरली, आधी पुरुषांना दाखवली, मग बायकांना, मग वळून पार उसाकडंही दाखवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं सोडून ते हसत होते.

"एवढंच व्हय रं?" ते म्हणाले. "आनखी लई हाय माजं. काढ की!"

सिकंदरनं काढलं. दिवस मावळेपर्यंत काढलं. राजा सिंहासनावर झोपून गेला, वगाचा शेवट राहिलाच. घरी जाताना आबांचं टक्कल उघडंच होतं आणि टोपी हातातच होती.