सहा किलोला कमी

“कपडे काढ त्याचे सगळे,” सिस्टर म्हणाल्या.

“राहू द्या ना सिस्टर, खोकलाय त्याला. गारठेल.”

मागच्या महिन्यातही पोराची आई हेच म्हणाली होती. बाहेर चाळीस बायका ताटकळत होत्या, म्हणून सिस्टरनी पोराला दुपट्यासकट काट्यावर ठेवलं होतं. सहा किलो दोनशे. वर “शाब्बास गं, बाळसं धरतोय!” असंही म्हणाल्या होत्या. आज मात्र त्याला उचललं आणि त्या चरकल्या. वीस वर्षं पोरं उचलणारा हात तो, त्याला कोण फसवणार? पोर हलकं होतं, दुपटं जड होतं.

दुपटं ओढलं तसं ते काट्याच्या ट्रेवर खणकन आपटलं. काठाच्या शिवणीत सहा लोखंडी नट घालून वरून टाके मारलेले. ही बाई नटबोल्टांच्या कारखान्यात पाकिटं भरायची.

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कुणाला फसवतेस, मला की त्याला?”

“सहाच्या खाली भरलं की भरती करता तुम्ही,” ती मान खाली घालून म्हणाली. “पंधरा दिवस. शेजारणीचं पोर ठेवलं होतंत ना, तेव्हा कळलं.”

संताप गिळून सिस्टरनी कार्ड ओढलं. जन्मताना वजन? पावणेदोन. दिवस भरले होते? नाही, आठव्यातच झाला. तेव्हा वरची मुलगी केवढी? अकरा महिन्यांची. अंगावर कधीपर्यंत पाजलंस? दीड महिना, मग कामाला लागले. आणि नंतर? दूध, पाणी घालून, थोरली पाजते. थोरली केवढी? सहा वर्षांची. जुलाब? सारखेच. तू स्वतः काय जेवतेस? यावर ती नुसतीच हसली. एक तरी उत्तर बरं यावं म्हणून सिस्टर वाट बघत होत्या, ते आलंच नाही.

उघडं पोर काट्यावर ठेवलं. पाच किलो चारशे. आठ महिन्यांचं पोर, आणि गार पत्रा पाठीला लागूनही रडलं नाही. रडायलासुद्धा अंगात काही असावं लागतं. आणि मागचा अख्खा महिना? तो त्यांनीच डोळ्यांवर कातडं ओढून घालवला होता, हिच्या एकटीच्या माथी कसा मारणार?

“आजच भरती. मुलींनाही घेऊन ये. एका खाटेवर झोपा सगळे, कोण काय बोलतं ते मी बघते.”

“आणि काम?”

सिस्टर भरतीचा कागद शोधू लागल्या.

“दोन खाडे झाले की काढून टाकतात. घरात मी एकटीच कमावती. मग या तिघांना काय घालू?”

इकडे आड, तिकडे विहीर. सिस्टरना सगळं दिसत होतं आणि देण्यासारखं जवळ काहीच नव्हतं.

“आधी हा जगू दे,” त्या कशाबशा म्हणाल्या.

“एकदा परत ठेवा ना. कधीकधी चुकतो काटा.”

काटा चुकत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. तरी सिस्टरनी पोराला परत ठेवलं. सुई पाच चारशेवर थरथरली आणि मग हळूहळू पुढे सरकायला लागली. साडेपाच. पावणेसहा. सिस्टरनी मान वर केली. आईचं बोट ट्रेच्या कडेवर होतं, नख पांढरं पडेपर्यंत दाबलेलं. ती सुईकडेच बघत होती.

सिस्टरनी ते बोट उचललं आणि आपल्या मुठीत धरून ठेवलं. सुई मागे आली.

“पाच चारशे,” त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने कार्डावर लिहू लागल्या.