आधी याडीचं ताट

आमच्या बंजारा तांड्यात आईला याडी म्हणतात. माझ्या याडीला, बेबीबाईला, मी लग्न होऊन सासरी जाईपर्यंत कुणासमोर जेवताना पाहिलं नव्हतं. बा, म्हणजे माझा बाप शंकरसिंग, आधी जेवायचा. मग माझा भाऊ प्रेमदास आणि मी, मग कुणी आलागेला. सगळं आवरलं की ती चुलीकडं तोंड करून, ओढणी पुढं ओढून खायची. आखाडा बाळापूरपासून आत माळावर आमचा तांडा. तिथं सगळ्याच बायका तशा जेवायच्या, त्यामुळं त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

तिच्या घशात घास अडकायला लागला हे आम्हाला उशिरा कळलं, ते यामुळंच.

ती वाळत चालली तेव्हा बाला वाटलं उन्हाचं काम झेपेना. पुढं पाणी पितानाही ती छाती धरून बसायला लागली, तेव्हा आम्ही तिला हिंगोलीला नेलं. तिथून नांदेड, नांदेडहून मुंबई. २००३ सालचा उन्हाळा होता तो. मी पुसेगावला दिलेली, पण सोबत बाईमाणूस पाहिजे म्हणून मलाही नवऱ्यानं पाठवलं.

मुंबईच्या दवाखान्यात तपासणीआधी तिच्या हातातल्या बलिया, म्हणजे आमच्याकडच्या जाड बांगड्या, कापून काढल्या. लग्नापासून मनगटापासून दंडापर्यंत भरलेले हात. मोकळे झाल्यावर ती ते सारखे ओढणीखाली लपवत होती. नंतर एका तरुण डॉक्टरानं बाला विचारलं, भाकरी जाईना कधीपासून? बानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं. आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. शेवटी याडीच हळू आवाजात म्हणाली, "मागल्या सुगीपासून." म्हणजे एक सुगी मागं सरून दुसरी आली होती. तेवढे दिवस ती भाकरी पाण्यात कुस्करून, नाहीतर नुसता कण्यांचा घोटा पिऊन, आमची ताटं वाढत होती.

अन्ननलिकेचा कॅन्सर होता. ऑपरेशनची वेळ गेली, असं डॉक्टर म्हणाले. घरी न्या, पातळ काही जाईल ते द्या, आणि मनाला येईल ते खाऊ द्या. बा त्या दिवशी दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसला तो दिवस मावळेपर्यंत उठला नाही.

प्रेमदास मुंबईतच होता. दहावीनंतर तो घरातून निघाला आणि हॉटेलात लागला. आधी भांडी, मग भाजी चिरणं, असं करत करत तो समुद्राकाठच्या एका मोठ्या हॉटेलात स्वयंपाकी झाला होता. त्या हॉटेलात फ्रेंच पद्धतीचं एक रेस्टॉरंट होतं, तिथं तो काम करायचा. तिथल्या नोकरांना वर्षातून एकदा आपल्या घरच्यांना जेवायला आणता यायचं. प्रेमदासनं आजवर कुणाला आणलं नव्हतं. आम्ही परत निघायच्या दोन दिवस आधी तो म्हणाला, उद्या दुपारी सगळे तिकडं या.

बा नको म्हणाला. आजारी माणसाला तिथं नेऊन काय करायचं, तिला घास जात नाही आणि आपण तिच्यापुढं खायचं काय, असं त्याचं म्हणणं.

"तिला काय गिळता येतं ते मला ठाऊक हाय," प्रेमदास म्हणाला. "मी तेवढंच करतो. तुमाला बी तेच."

याडी म्हणाली, "जाऊ या. लेकरू काय करून राहिलं ते बघू तरी."

दुसऱ्या दिवशी तिनं सोबतच्या ट्रंकेतला आरशांचा घागरा आणि तसलीच चोळी, कांचळी, घातली. मी म्हटलं साडी नेस, लोक बघतील. तिनं ऐकलं नाही. आणि लोकांनी पाहिलंही. थंडगार, शांत हॉल होता तो. पांढऱ्या चादरींची टेबलं, प्रत्येकावर पाण्यात एकच फूल, आणि एका बाजूला काचेची भिंत, तिच्यापलीकडं समुद्र. आम्ही सिद्धेश्वरचं धरण भरलेलं पाहिलेले लोक. त्याला समोरचा काठ असतो. इथं काठच नव्हता. याडी खुर्चीच्या कडेला बसली आणि बराच वेळ तिकडं पाहत राहिली.

काळ्या कोटातला एक वयस्कर वेटर आला. प्रेमदासनं त्याला सगळं सांगून ठेवलेलं असावं, कारण त्यानं आम्हाला काही विचारलं नाही. त्यानं एक खोलगट बशी आणली आणि ती याडीपुढं ठेवली. मग माझ्यापुढं. बापुढं सगळ्यात शेवटी.

याडीनं बशी हळूच बाच्या पुढ्यात सरकवली. वेटरनं ती तितक्याच हळू परत तिच्यापुढं ठेवली आणि हिंदीत म्हणाला, इथं आधी आईला देतात. तिनं मान खाली घातली, ओढणी पुढं ओढली आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बा जेवल्याशिवाय ती खाणार नव्हती, हे मला आणि बाला कळत होतं. बशीतून वाफ येत होती.

मी बाच्या तोंडाकडं पाहिलं. त्यानं चमचा उचलला होता. तो त्यानं परत खाली ठेवला.

"तू जेव," तो म्हणाला. "मी थांबतो."

"लोक काय म्हणतील?"

"इथं कोण हाय आपलं? जेव. मला बघू दे."

ती तरी बसूनच राहिली. मग तिनं चमचा धरला, भाजी ढवळायच्या पळीसारखा, आणि तोंडाला लावला. ते कोंबडीचं पाणी होतं, प्रेमदासनं कितीतरी वेळ उकळून, मलमलच्या फडक्यातून गाळून, कोऱ्या चहासारखं स्वच्छ केलेलं. पहिला घोट घेऊन ती थांबली. छातीवर हात ठेवला. आम्ही दोघं तिच्या गळ्याकडं पाहत होतो. घोट खाली उतरला. तिनं दुसरा घेतला.

बशी रिकामी होईपर्यंत बानं आपल्या बशीला हात लावला नाही. वेटरनं त्यावर झाकण आणून ठेवलं.

मग लोण्यात घोटलेला बटाटा आला, आणि वाफवलेल्या माशाचं काहीतरी, सायीसारखं मऊ. दर वेळी आधी याडी, आणि बा थांबलेला. माशाच्या वेळी मात्र तिला ठसका लागला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, श्वास अडकला. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहायला लागले. ती उठून बाहेर जायला लागली, तोच बा खुर्ची मागं सारून तिच्याजवळ गेला. चारचौघांत त्यानं तिला कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्यानं एक हात तिच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्यानं पाण्याचा पेला धरला. ठसका थांबल्यावरही त्यानं पाठीवरचा हात लगेच काढला नाही.

"एवढे दिवस असंच व्हायचं का?" त्यानं विचारलं.

"व्हय," ती म्हणाली.

"सांगितलं काहून न्हाई?"

याडीनं ओढणीनं डोळे पुसले. बा तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला. त्यानंतर तिनं मासा संपवला, अगदी थोडा थोडा.

शेवटी दूध-अंड्याचं गोड आलं, वर जळक्या साखरेचा पाक. ते घेऊन प्रेमदास स्वतः आला, पांढऱ्या कोटात, उंच टोपी घालून. याडीनं चाखून पाहिलं आणि म्हणाली, खरवस हाय की हा. मग तिनं त्याचा हात धरून पाहिला. पोळल्याचे डाग होते त्याच्यावर. तिच्या हातांवर होते तसेच, पण तिचे बलियांखाली झाकलेले असायचे. "बराबर केलंस," एवढंच ती म्हणाली. प्रेमदास टोपी काढून उभा राहिला.

त्यानंतर बा जेवला. सगळं थंड झालं होतं. त्यानं काहीही टाकलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. महिनाभरात प्रेमदास सुट्टी काढून तांड्यावर आला. सिद्धेश्वरहून मासे आणून, उकळून, गाळून तो तिला देत राहिला. बा तिच्या खाटेजवळ बसायचा आणि तिचं झाल्यावर जेवायचा. तांड्यातल्या मंजुळाबाईनं एकदा हसून विचारलं, हे काय नवीन? बा म्हणाला, मी आंधळा होतो, आता बघून राहिलो. पुन्हा कुणी विचारलं नाही.

पोळ्याच्या सुमारास तिला पाणीही जाईना. तेव्हा बानंही जेवण सोडलं. दोन दिवस तिनं ते पाहिलं आणि मग खुणेनं त्याचं ताट खाटेजवळ मागवलं. रागावली होती ती. त्याची भाकरी संपेपर्यंत तिनं नजर हलवली नाही. बा घास घेत होता आणि रडत होता. त्याच आठवड्यात, एका सकाळी, ती गेली.

तेरावं झाल्यावर प्रेमदास परत निघाला. बा त्याला सोडायला आखाडा बाळापूरला गेला, मीही होते. एसटीची वाट बघत दोघं लिंबाखाली बसले. गाडी गच्च भरून आली. बानं त्याची पिशवी आत दिली आणि त्याला बसायला जागा मिळाली का, ते खिडकीखिडकीतून डोकावून बघितलं. मिळाली होती. मग आम्ही दोघं चालत तांड्याकडं निघालो.