काकूंची उंची

"काकू, आहात कुठे?"

"अरे, तुझ्यासमोरच तर उभी आहे!"

आवाज नव्याकोऱ्या काउंटरच्या मागून आला. पाहतो तर काउंटरच्या वर काकूंचे दोन डोळे आणि अंबाडा, बाकी काही नाही. तीस वर्षं सुतारकाम करतोय, माझं माप चुकत नाही अशी चारचौघांत फुशारकी मारतो, आणि उद्या सकाळी दुकान उघडायचं होतं.

दुकान कोपऱ्यावरचं, कॉफीचं, चार टेबलांचं. काका गेल्यापासून बारा वर्षं काकू एकट्याच चालवतात. या वर्षी गुडघ्यांनी दावा साधला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दिवसभराची चढ-उतार थांबवली नाही तर उभं राहणंच थांबेल. मला वाटलं, चढ-उतार म्हणजे माळ्यावरची असेल. मग काकूंच्या लेकीने कंबर कसली. कळकट भिंतींना फिका रंग, खिडकीलगत लांब बाक, डोक्यावरच्या फळ्या काढून हाताशी येतील असे कप्पे. "आणि सुतारकाका, काउंटर आईच्या मापाचं करा," हे मला चारदा बजावलं होतं तिने.

माप घ्यायला गेलो तेव्हा सकाळची गर्दी होती. आत दुधाच्या कॅनमुळे पाऊल ठेवायला जागा नव्हती. मी बाहेरूनच म्हटलं, "काकू, रोज उभ्या राहता तशा उभ्या राहा. कोपर वाकवा." त्यांनी वाकवलं. मी माझ्या बाजूच्या जमिनीपासून टेप धरला, आकडा लिहिला आणि निघालो. जुनं काउंटर तर मोडायचंच होतं, ते कोण मोजतंय!

"मी रोज उभी राहते तशीच राहिले होते रे," काकू म्हणाल्या. मग मागच्या खोलीतून पायाने ढकलत एक लाकडी खोकं घेऊन आल्या, काउंटरमागे आडवं ठेवलं आणि गुडघा धरून त्यावर चढल्या. समोर माझ्या ओळखीच्या काकू! बारा वर्षं मी या बाईला उंच समजत होतो.

"हे काय?"

"जुनं काउंटर ह्यांच्या उंचीचं होतं ना. आजारी पडले तेव्हा म्हणाले, चार दिवस तू सांभाळ, आणि हे ठोकून दिलं. चार दिवसांपुरतंच, म्हणून कडासुद्धा घासल्या नाहीत."

खोक्याला एकही खिळा सरळ नव्हता. एरवी मी त्यावर दहा विनोद केले असते. तेव्हा सुचला नाही एकही.

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? आणि खरं सांगू, ते पायाखाली आहे हे माझ्या लक्षातच नसतं आता. गुडघ्यांच्याच तेवढं लक्षात असतं." त्या खाली उतरल्या आणि पुन्हा दिसेनाशा झाल्या. मग काउंटरमागून रडवेला आवाज आला, "कापता येईल का रे? लेक म्हणते, हे नाही जमलं तर दुकान देऊन टाकू. घरी बसून मी काय भिंतींशी बोलू?"

बाई रडत होती आणि मला दिसतही नव्हती. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"काकू, लाकूड आहे ते. वाढवता येत नाही, कापता येतं."

या वेळी मी मुकाट्याने आत शिरलो. काकूंना सपाट फरशीवर उभं केलं, खाली वाकून पायाखाली काही नाही ना ते हाताने चाचपलं, आणि मग टेप धरला. चांगलं सव्वा फूट जास्त होतं. खालचा पूर्ण कप्पा करवतीखाली गेला. दिवे लागायच्या सुमारास काउंटर पुन्हा जागेवर उभं राहिलं. काकू आल्या, दोन्ही कोपरं त्यावर टेकवली आणि "हुश्श" केलं.

"गुडघे काय म्हणतायत?"

"गप्प आहेत मेले. कितीतरी वर्षांनी गप्प आहेत."

तेवढ्यात आलेल्या लेकीने आईला मागून मिठी मारली. माझाही जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी उघडल्या-उघडल्या निवृत्त पोस्टमन आले. काकूंकडे बघतच राहिले. "काकू, तुम्ही खचलात की मी वाढलो?"

"मी आहे ती एवढीच आहे. इतके दिवस तुम्हाला फसवत होते," काकू म्हणाल्या आणि त्यांची बिनसाखरेची कॉफी पुढे सरकवली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी पॉलिश पेपर घेऊन गेलो. खोकं काउंटरमागे होतं, पण आता उभं केलेलं, आणि काकू त्यावर बसल्या होत्या. बसल्या बसल्या सगळं दुकान त्यांना दिसत होतं, दारापर्यंत. त्यांना दुकानात बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

त्या उठायला लागल्या. "बसा हो," मी म्हटलं. "कडा घासून देतो, कपडे अडकतील."

त्यांनी पाय जरा बाजूला घेतले. "कडा घास. खिळ्यांना हात लावू नकोस."

मी खाली बसलो आणि एकेक वाकडा खिळा चुकवत कडा घासत राहिलो. काकू उठल्या नाहीत.