सगळ्या पेशी एकाच पाळीत

सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या एका पेशीला टिंबाएवढी कळी फुटली होती. शेजारच्या पेशीची कळी आई-पेशीएवढी वाढलेली. तिसरीला कळीच नव्हती. सीमाने मान वर केली. या साऱ्या एकाच टप्प्यावर असायला हव्या होत्या.

सकाळी तिने त्यांना रसायनाने विभाजनाच्या उंबरठ्यावर अडवलं आणि मग एकदम सोडलं. तिथे एक रोधक प्रथिन, जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला धरून बसलेलं असतं. पेशी पुरेशी वाढली की ते बाजूला होतं आणि जनुकांची एक लाट उठते. तिच्या नव्या जनुकालाही ती लाट शिवते का, हे ठरल्या वेळी नमुने घेऊनच कळणार होतं. नेमके तेव्हाच विभागप्रमुख आणि तिचे गाईड केवलराम सर फ्लास्क उचलून सभागृहात गेले. पाहुण्यांच्या सत्कारात मंचावर थोडं विज्ञान दिसायला हवं होतं. शाल, श्रीफळ, भाषणं. पेशींना भाषणं ऐकत ताटकळायची सवय नसते. फ्लास्क परत आला तेव्हा त्याच्या तोंडाला झेंडूची पाकळी चिकटलेली होती.

संध्याकाळी सरांनी पेपरसाठीचा आलेख उलगडला. सुपेल्याच्या बाजारातून फ्लेक्सवर छापूनच आला होता. लाट सुरेख होती.

"सर, नमुने तर घेतलेच नाहीत."

"अवं, लाट येतेच ना? कावून डोकं खाऊन राहिली?"

"या जनुकाची येते का, ते कोणालाच माहीत नाही. म्हणून तर मोजत होतो."

"माहे बाबूजी स्टील प्लांटमंदी होते. भोंगा झाला का सारी पाळी एकदम आत! पेशी बी तशाच. तू पेपरवर सही कर, मी तुह्या थीसिसवर करतो. आज का उद्या?"

थीसिस त्यांच्या टेबलावर, पेपरवेटखाली, वर्षभर पडून होता. सरांनी हा सौदा पुढे केला की दर वेळी ती "उद्या सांगते" म्हणून निघून जायची. रोधक प्रथिनाला निदान वेळ झाली की बाजूला व्हायची अक्कल असते.

"भोंगा झाल्यावर तुमचे बाबूजी खरंच आत जायचे, सर. गेटवर फोटो काढून घरी येत नव्हते."

सरांचं हसू ओठांवरच राहिलं. "मंग? उद्या सांगशील?"

सीमाने पेपरवेट उचलून बाजूला ठेवला.

"नाही, आजच. पेपरवर माझं नाव नको. आणि थीसिस मी घेऊन जाते, दुसरा गाईड बघते."