रोजचा प्रसाद

अधीक्षक राजकुमारने लाकडी रूळ हाणला तशी रेणुकाच्या बोटांची सालटं निघाली. हात टेबलावर उलटे, डोळे मिटलेले; त्याची शिस्तच तशी होती.

"पुन्हा अंथरूण ओलं करशील?"

"नाई, सर."

"मंग घे परसाद. दोन... तीन..."

स्वयंपाकघराच्या दारात सिंधूताईचे पिठातले हात थांबले. चिखलीजवळच्या या वसतिगृहात ती सहा वर्षं भाकरी थापत होती. इथली अकरा माणसं वयाने तिशीची, पण समज लहान लेकरांची. त्यांना रोज मार बसायचा आणि ती रोज बघायची. बोललं तर नोकरी जाईल, मग एकट्या बाईने जायचं कुठं? स्वतःचीच शिसारी यायची तिला.

दुपारी बुलढाण्याच्या समाजकल्याण कार्यालयातून मंजुश्री तपासणीला आली. इथं कसं वाटतं, ते या माणसांच्याच तोंडून ऐकायचं, हे तिचं काम. तिने हसऱ्या आणि रडक्या चेहऱ्यांची कार्डं मांडली. राजकुमार शेजारीच खुर्ची टाकून बसला. अकराही जणांनी त्याच्याकडे बघत हसरं कार्ड उचललं.

"इथं काय काय मिळतं, रेणुका?"

"परसाद." तिचे हात ओढणीखाली होते.

"रोज?"

"रोज भेटते. सर देतेत."

"अरे वा!" मंजुश्रीने कौतुकाने लिहून घेतलं: रोज प्रसाद मिळतो. राजकुमार खाली मान घालून हसला.

त्या हसण्याने सिंधूताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताटलीत शिरा घेऊन ती बाहेर आली.

"मॅडम, हे तिले तुमच्या हातानं द्या. परसाद म्हणून द्या."

"ए बाई, आत जाय!" राजकुमार ताडकन उठला.

"नाई जात," ती म्हणाली. "द्या, मॅडम."

मंजुश्री जराशी गोंधळली, पण तिने हसून ताटली पुढे केली.

"घे, रेणुका. प्रसाद."

रेणुकाने ओढणीखालून हात काढले आणि टेबलावर उलटे ठेवले. बोटं सुजून काळीनिळी झाली होती. मागच्या दहा जणांनीही मुकाट्याने आपापले हात उलटे केले.

रेणुकाने डोळे घट्ट मिटून घेतले.

"किती, मॅडम?"