खुंटाची फूट

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी फूल नाही. मी एक जुनी मुळी आहे. लोक माझ्या डोक्यावर उभे राहून फुलांचे कौतुक करतात, आणि खाली कोणी आहे हे मुळीच कोणाच्या ध्यानात येत नाही. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे, आणि तेच सांगायला आज बसले आहे.

माझी जात शाकुयाकु. आमची एक श्रीमंत चुलत बहीण आहे, तिला बोटान म्हणतात. दोघी पिओनीच, पण तिचे खोड लाकडाचे. बर्फातसुद्धा ती ताठ उभी असते. आमचे देठ कोवळे. थंडी पडली की सगळे सुकून जमिनीवर निजते आणि वसंतात पुन्हा पहिल्यापासून लाल कोंब काढावे लागतात. बोटानचे फूल ताटलीएवढे मोठे, पण स्वतःची मुळे धरायला ती फार वेळ घेते. म्हणून जपानातल्या आमच्या दाइकोन बेटावर आम्हांला तिची दाई करतात.

मी तीन वर्षांची होते. उन्हाळ्याच्या शेवटी इसानो नावाच्या बाईने मला काळ्या मातीतून उपटले, माझा शेंडा छाटला, मधोमध चीर दिली आणि तीत पांढऱ्या बोटानची बोटभर काडी पाचरीसारखी बसवली. वरून गवताच्या दोरीने आवळून बांधले. ह्याला पाचर कलम म्हणतात. काडी ती कलम आणि मी खुंट. काडीला जेवू घालायचे, तिला तिची मुळे फुटली की आपण गुपचूप कुजून जायचे, एवढेच खुंटाचे काम. दुखले का म्हणाल, तर हो, दुखले.

वर्षभराने, शरदात, इसानोने आम्हां चाळीसजणींना शेवाळात गुंडाळून पाठीवरच्या टोपलीत भरले. आमच्या बेटावरच्या बाया अशाच निघत. होडीने, मग गाडीने, मग पायी. काड्या नुसत्या उघड्या, पान ना फूल. गिऱ्हाइकाने विश्वास ठेवायचा तो बाईच्या तोंडावर. आणि इसानोचे तोंड काय विचारता. "पांढरं म्हणजे नुसतं पांढरं नव्हे हो काकू, धुऊन, नीळ घालून वाळत घातलेल्या चादरीसारखं," असे ती म्हणे, आणि बायकांना वाळक्या काडीवर फूल दिसू लागे.

ताजिमाच्या डोंगरात एका खेड्यात योहेई आजोबा आणि त्सुया आजी राहत. दोघे जन्मभर वाळुंजाच्या फोकांच्या पेट्या विणत आलेले. आता आजोबा एकटेच विणत, कारण आजींचे डोळे जात चालले होते.

"तीन वर्षं, फार तर चार, असं डॉक्टर म्हणाले," आजी इसानोला म्हणाल्या. "बाकी रंग गेलेच ग पोरी. पांढरा तेवढा अजून कळतो. माझ्या माहेरच्या अंगणात पांढरा बोटान होता. ते घर जळालं, झाडही गेलं. एकदा तसं फूल बघायचंय."

"तिसऱ्या वसंतात फूल येणार म्हणजे येणार. शब्द देते आजी."

"शब्द द्यायला तुझं जातंय काय," आजोबा बोलले. "तीन वर्षांनी तू कुठं आणि आम्ही कुठं."

"आजोबा, मी तीन वर्षांनी ह्याच वाटेने येते. फूल आलं नसेल तर झाडूने मारा."

तिने स्वतः खड्डा खणला. काडी आणि मी जिथे जोडलेल्या होतो ती जागा चार बोटे मातीखाली गेली पाहिजे, हे हात लावून दाखवले. पुढची गोष्ट ती सांगणारच होती, इतक्यात आजींनी तिच्या हातात पर्सिमनचे वाळवलेले फळ आणि गरम चहा ठेवला, गप्पा रंगल्या, आणि खालच्या रस्त्यावर दिवसातल्या एकमेव बसचा भोंगा वाजला. इसानो टोपली उचलून पळाली. ती गोष्ट सांगायची राहून गेली.

ती गोष्ट अशी. खुंटाला फूट येते. मातीतून लालसर कोंब वर आला तर तो बोटाने मोडून टाकायचा. नाही मोडला तर खुंट आपले अन्न स्वतःच खातो आणि कलम उपाशी मरते.

पहिल्या वसंतात काडीला दोन पाने आली. आणि मित्रांनो, मला मोह झाला. माझा शेंडा छाटला होता तरी माझ्यात जीव होता. आपणही एकदा ऊन बघावे असे वाटले. मी एक कोंब वर सोडला. तो कोणी मोडेल म्हणून मी वाट पाहिली. झाले उलटेच.

"अगं, एक काडी घेतली आणि दोन झाडं आली," आजोबा हसून म्हणाले. "त्या बाईला कळलं तर परत येऊन दुप्पट मागेल."

त्यांनी कोंबाभोवती पेंढा घातला. जवळ एकही कोंबडी फिरकू दिली नाही. दुसऱ्या वसंतात मी सात कोंब काढले. वरची काडी माझ्याकडे मागत होती. मला ते कळत होते, आणि मी दिले नाही. तिची पाने आखडली, कडेने करपली. तिसऱ्या हिवाळ्यात ती आतून काळी पडली आणि माझ्याच अंगात मेली.

तिसऱ्या वसंतात माझ्या देठांवर कळ्या धरल्या. आजोबा रोज सकाळी मोजत आणि आत जाऊन आजींना आकडा सांगत. अकरा. बारा. पहिली कळी उमलली त्या सकाळी त्यांनी आजींना हाताला धरून अंगणात आणले, बसायला पाट दिला, आणि मग त्यांनी फुलाकडे नीट पाहिले. गुलाबी होते. पाच-सात पाकळ्यांचे, साधे.

"उमललं ना? मला काही दिसत कसं नाही?" आजींनी विचारले.

आजींनी हात पुढे करून देठ चाचपला. साठ वर्षे फोक सोललेली बोटे ती.

"हे लाकूड नाही हो," त्या म्हणाल्या. "हा बोटान नव्हे."

"फसवलं त्या बाईने. गोड बोलून आपल्याला गवत विकलं."

"फसवणारी बाई खड्डा खणून देत नाही," आजी म्हणाल्या. पण त्या बराच वेळ पाटावरून उठल्या नाहीत.

शरदात इसानो आली. आजोबांनी झाडू खरोखरच दाराशी ठेवला होता. तिने सुकलेले देठ पाहिले मात्र, टोपली खाली टाकली आणि बोटांनी माती उकरू लागली. मेलेली काडी तिच्या हाती आली.

"खालची फूट मोडली नाहीत?"

"मोडायची? जीव लावून वाढवली ती. तू सांगितलंस का मोडायला?"

इसानो मातीत तशीच बसली. "नाही," ती म्हणाली. "बस आली, आणि मी सांगितलं नाही. माझीच चूक आहे आजोबा."

आजोबांनी झाडू कोपऱ्यात नेऊन ठेवला.

"आजी, अजून किती दिसतं?"

"हा हिवाळा निघेल बहुतेक. खिडकी कुठे आहे ते कळतं."

"मग वसंतात फुललेलंच झाड घेऊन येते. माझ्या सासूच्या अंगणात बारा वर्षांचा पांढरा बोटान आहे."

"फुललेलं झाड उपटलं तर जगत नाही, एवढं आता मलाही कळतं," आजोबा म्हणाले.

"नाही जगणार. पण आजींना दिसेल."

त्या वर्षी बर्फ दारापर्यंत चढला. फेब्रुवारीत एका सकाळी आजींनी विचारले, "अजून उजाडलं नाही का?" तेव्हा चांगले टळटळीत ऊन बर्फावर पडले होते.

इसानोला कळवायला आजोबांजवळ तिचा पत्ता नव्हता.

ती मे महिन्यात आली. दोन दिवस होडी, गाडी आणि बस, आणि गाडीत जागा असून उभीच, कारण बसली असती तर पाठीवरचे फूल दबले असते. सासूशी भांडून आणले होते म्हणे. मातीच्या गोळ्यासकट झाड, आणि ओल्या कागदात जपलेले एकच उमललेले फूल. तिने कागद सोडला. मी मातीत होते, पण आजोबांचा श्वास मला ऐकू आला.

"आजी, हे बघा."

आजींनी आवाजाच्या रोखाने तोंड वळवले, फुलाच्या रोखाने नाही. तेवढ्यावरून इसानो समजली. आजींनी हात पुढे करून आधी खोड धरले.

"हं, हे लाकूड," त्या म्हणाल्या. मग पाकळ्यांत तोंड बुडवून त्यांनी वास घेतला. "कसं आहे ग? सांग मला. तू छान सांगतेस."

जिने उघड्या काड्यांवर गावोगावच्या बायकांना फुले दाखवली, त्या इसानोला शब्द सापडेना.

"पांढरं आहे," अखेर ती म्हणाली. "आजी, पांढरं आहे." आणि ती रडू लागली. आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

ते झाड माझ्या शेजारी लावले. पाने आली, पण उन्हाळा संपायच्या आत ते वाळले. पुढे आजी गेल्या, मग आजोबा. मी मात्र आहे. दरवर्षी मला पन्नासेक फुले येतात, आणि वाटेने जाणारी मुले म्हणतात, "किती सुंदर बोटान." ते ऐकले की मला मातीत आणखी खोल जावेसे वाटते.

मित्रांनो, झाडावर माया करा म्हणून सगळेच सांगतात. आजोबांनी माझ्यावर मायाच केली होती. मी तुम्हांला निराळे मागते. तुमच्या अंगणात कलम लावले असेल, तर वसंतात त्याच्या बुडाशी वाकून बघा. मातीतून लालसर, गोजिरवाणा कोंब वर येताना दिसेल. त्याच्यावर दया करू नका. तो मोडा. तो माझा असतो.